जंतू मेला नाही, म्हणून औषध नापास?

छोटी पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांसारख्याच पण आखूड साखळ्या, जंतूंविरुद्ध औषध म्हणून चालतील का, यावरून जो वाद सध्या चालतो, त्यातल्या दोन्ही बाजूंची भाषणं आता पाठ झाली आहेत. एका बाजूला उत्साही मंडळी. २०२४ मध्ये संशोधकांनी जगभरातल्या सूक्ष्मजीवांची जनुकीय माहिती संगणकाकडून चाळून घेतली आणि तिच्यातून ८,६३,४९८ संभाव्य जंतुनाशक पेप्टाइडं बाहेर काढली. त्यांतली १०० प्रत्यक्ष बनवून पाहिली, तर ७९ कमीअधिक कामाची निघाली. झालं, अँटिबायोटिकांना दाद न देणाऱ्या जंतूंची आता खैर नाही, असा सूर लागला. दुसऱ्या बाजूला वैतागलेली मंडळी. बेडकाच्या कातडीतलं पेप्टाइड १९८७ मध्ये सापडलं, तेव्हापासून हेच ऐकतोय, औषध कुठे आहे, असं ती विचारतात. मला दोघांचंही एकच खटकतं. पेप्टाइडाने जंतू मेला की नाही, यापलीकडे कुणी काही विचारतच नाही. माझं म्हणणं असं, की छोट्या पेप्टाइडांची खरी ताकद जंतू मारण्यात नाही, संसर्ग अडवण्यात आहे. अडवणाऱ्याला मारणाऱ्याच्या परीक्षेला बसवण्याची सवय सुटत नाही, तोवर पहिल्या बाजूची यादी वाढत राहील आणि दुसऱ्या बाजूचा वैताग.

आधी वैतागाचं कारण समजून घेऊ, कारण ते खोटं नाही. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. प्रथिनंही अशाच साखळ्या असतात, फक्त लांबलचक; पेप्टाइडाची लांबी पन्नासेकाच्या आत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करणाऱ्या मायकेल झॅसलॉफ यांच्या लक्षात आलं, की पोट उघडून पुन्हा शिवलेले आफ्रिकी बेडूक गढूळ पाण्याच्या टाकीत सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत नाहीत. कातडीत शोध घेतल्यावर २३ अमिनो आम्लांची मॅगेनिन नावाची पेप्टाइडं हाती आली. धन भार असलेली ही साखळी जिवाणूच्या ऋण भाराच्या पटलाला चिकटते आणि त्याला भोकं पाडते. तिच्यावरून पेक्सिगॅनन हे मलम तयार झालं, मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांसाठी. १९९९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने ते नाकारलं. पुढे दुसऱ्या कंपनीने पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा २०१६ मध्ये मोठ्या चाचण्यांतच ते फसलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना न्यूमोनिया होऊ नये म्हणून तोंडात लावायचं इसेगॅनन फसलं. म्युरेपाव्हाडिन या आणखी एका पेप्टाइडाची चाचणी २०१९ मध्ये मूत्रपिंडांना इजा होऊ लागल्याने थांबवावी लागली. एवढी मोठी रांग पाहिल्यावर कुणी शंका घेतली, तर त्याला प्रगतीचा शत्रू ठरवण्यात अर्थ नाही.

पण या रांगेत उभी असलेली सगळी औषधं कोणत्या जातीची आहेत? सगळी मारणारी. आणि त्यांना निवडणारी परीक्षाही मारण्याचीच. ती असते कशी, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. प्लास्टिकची एक प्लेट, तिला ९६ खळगे. पहिल्या खळग्यात औषध भरपूर, दुसऱ्यात त्याच्या निम्मं, तिसऱ्यात त्याच्याही निम्मं, अशी ओळ उतरत जाते. प्रत्येक खळग्यात पोषक द्रव आणि ठरलेल्या संख्येचे जिवाणू घालायचे, प्लेट रात्रभर उबेत ठेवायची आणि सकाळी उजेडासमोर धरायची. द्रव गढूळ दिसला तर जिवाणू वाढले, नितळ दिसला तर औषध जिंकलं. सगळ्यात कमी औषध असूनही जो खळगा नितळ राहिला, तो त्या औषधाचा गुणांक. स्वस्त, सुटसुटीत, जगभर सारखी पद्धत. तिच्यावाचून प्रतिजैविकांचं शास्त्र उभंच राहिलं नसतं. पण या प्लेटमध्ये काय नाही ते बघा. घशाची पेशी नाही, आतड्याचं अस्तर नाही, लाळ नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीत. जिवाणूला चिकटायला पेशीच नसेल, तर चिकटणं थांबवणाऱ्या पेप्टाइडाने तिथे करायचं काय? जिवाणू सोडतो ते विष निकामी करणारं पेप्टाइड घातलं, तर सकाळी सगळे खळगे सारखेच गढूळ दिसणार. त्याचा गुणांक शून्य, रवानगी कचऱ्यात. आपल्याच शरीरात बनणारी काही डिफेन्सिनं, म्हणजे जंतूंशी लढणारी पेप्टाइडं, द्रवातलं मिठाचं प्रमाण शरीराइतकं केलं, की या परीक्षेत ढिली पडतात. म्हणजे आपली उपजत संरक्षणव्यवस्थासुद्धा इथे जेमतेम काठावर पास!

परीक्षा चुकली म्हणून औषध हातचं जाता जाता वाचलं, असं याआधी घडलेलं आहे. गेरहार्ट डोमाक यांनी डिसेंबर १९३२ मध्ये प्रॉन्टोसिल नावाचा एक लाल रंग स्ट्रेप्टोकॉकस टोचलेल्या उंदरांना दिला आणि उंदीर वाचले. तोच रंग काचेच्या नळीत त्याच जिवाणूंवर टाकला तर काहीच होत नव्हतं. डोमाक यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर चाचणी घेण्याचा रिवाज होता म्हणून बरं. नुसत्या नळीवर विसंबले असते, तर सल्फा औषधांचा जन्म लांबला असता. १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या गटाने उलगडा केला: शरीरात त्या रंगाचे तुकडे होतात आणि त्यांतला एक तुकडा, सल्फानिलामाइड, जिवाणूंची वाढ रोखतो. हे उदाहरण माझ्या मुद्द्याला तंतोतंत लागू होत नाही, हे मान्य. तो तुकडा वेगळा काढल्यावर नळीतही काम करत होता. अडवणाऱ्या पेप्टाइडाचे कितीही तुकडे केले तरी ते करणार नाही. पण संसर्ग ही दोन जिवांमधली घटना आहे, आणि त्यांतला एक जीव वगळून घेतलेल्या परीक्षेचा निकाल अपुराच असतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आता अडवणाऱ्यांकडे वळू. ‘औषध कुठे आहे’ असं विचारणाऱ्यांना उत्तर द्यायचं तर ते इथे आहे. एनफ्युव्हर्टाइड हे एचआयव्हीवरचं औषध मार्च २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते ३६ अमिनो आम्लांचं पेप्टाइड आहे आणि ते आलंय विषाणूच्याच एका प्रथिनातून. एचआयव्ही पेशीला भिडला की त्याचं जीपी-४१ हे प्रथिन उलगडतं, टोक पेशीच्या पटलात रोवतं आणि मग स्वतःवरच दुमडून दोन्ही पटलं एकमेकांजवळ ओढतं. दुमडताना त्याचा एक भाग दुसऱ्या भागाशी जुळावा लागतो. एनफ्युव्हर्टाइड ही त्यातल्या एका भागाची हुबेहूब नक्कल. नक्कल आधी जाऊन जागा बळकावते, प्रथिन अर्धवट दुमडल्या अवस्थेत अडकतं आणि विषाणू पेशीच्या बाहेर राहतो. तो मरत नाही. त्याचं काम होत नाही, इतकंच.

दुसरं उदाहरण मला अधिक बोलकं वाटतं. बुलेव्हर्टाइड, ४७ अमिनो आम्लं आणि टोकाला एक मेदाम्ल. युरोपीय औषध संस्थेने जुलै २०२० मध्ये त्याला सशर्त मान्यता दिली, हेपटायटिस डी या आजारासाठी, ज्यावर तोपर्यंत खास असं मंजूर औषधच नव्हतं. हेपटायटिस डीचा विषाणू हेपटायटिस बीचा अंगरखा घालून फिरतो, त्यामुळे दोघेही यकृताच्या पेशीत एकाच दाराने शिरतात. ते दार म्हणजे पित्तक्षार आत घेणारं एनटीसीपी हे प्रथिन. बुलेव्हर्टाइड हा हेपटायटिस बीच्या त्याच अंगरख्याचा कापून काढलेला तुकडा. कुलपात मोडकी किल्ली अडकवून ठेवावी तसा तो एनटीसीपीत बसतो आणि अख्खा विषाणू बाहेर ताटकळतो. यात एक बारीक गंमत अशी, की एनटीसीपी हेच ते दार आहे, हे चीनमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये सिद्ध केलं. पेप्टाइड त्याच्या बऱ्याच आधी हाती होतं; ते नेमकं कुठे बसतं, हे नंतर कळलं. मोठ्या चाचणीत रोज २ मिलिग्रॅम औषध घेणाऱ्यांपैकी ४५ टक्के रुग्णांमध्ये ४८ आठवड्यांनी विषाणूचं प्रमाण खूप घटलं आणि यकृताची तपासणीही सामान्य आली. उपचार लांबवलेल्या गटात हे प्रमाण २ टक्के होतं. विषाणू रक्तातून पूर्ण दिसेनासा झालेले रुग्ण मात्र थोडेच. पित्तक्षारांचीही वाट त्याच दारातून असल्याने औषध चालू असताना रक्तात त्यांचं प्रमाण वाढतं, बहुतेकांना त्याचा त्रास मात्र जाणवत नाही. यकृताच्या जुन्या पेशी हळूहळू बदलतात, नव्या पेशींत विषाणूला शिरता येत नाही, आणि आधीच जडलेला आजारही त्यामुळे मागे हटतो. ‘अडवणारी औषधं फक्त संसर्गाच्या आधी उपयोगी’ हा आक्षेप, निदान या आजारापुरता, इथे सैल पडतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप खर्चाचा आणि सुईचा. एनफ्युव्हर्टाइड बनवायला रासायनिक क्रियांच्या १०६ पायऱ्या लागत. एक किलो औषधामागे सुमारे ४५ किलो कच्चा माल जाई. वर्षाचा खर्च २०,००० डॉलरच्या आसपास. दिवसातून दोनदा ९० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, आणि जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या कातडीवर गाठी, लाली, दुखणं. २००७ मध्ये राल्टेग्राव्हिर ही गोळी आल्यावर रुग्ण एनफ्युव्हर्टाइड सोडून तिकडे गेले. ते गेले नसते तरच नवल. जिथे चांगली गोळी आहे, तिथे पेप्टाइडाचा हट्ट धरू नये, हे मी बिनशर्त मान्य करतो.

पण या हकिकतीतून ‘पेप्टाइड म्हणजे महाग’ असा कायमचा निष्कर्ष काढणाऱ्यांनी पुढची वीस वर्षं पाहिलेली दिसत नाहीत. एनफ्युव्हर्टाइडसाठी टनावारी पेप्टाइड बनवण्याचं तंत्र उद्योगाला शिकावं लागलं आणि ते वाया गेलं नाही. आज मधुमेहावर आणि वजन कमी करण्यासाठी दिलं जाणारं टिर्झेपटाइड ३९ अमिनो आम्लांचं आहे, म्हणजे एनफ्युव्हर्टाइडपेक्षा लांब, आणि ते रासायनिक पद्धतीनेच बनतं. जगभरातून त्याला एवढी मागणी आली, की कारखाने उभे राहिले. तेव्हा अडचण साखळीच्या लांबीची नव्हती, गिऱ्हाइकाची होती. शिवाय मात्रा बघा. एनफ्युव्हर्टाइड दिवसाला १८० मिलिग्रॅम, बुलेव्हर्टाइड दिवसाला २. पेप्टाइड आपल्या जागी जितकं घट्ट बसतं, तितकं ते कमी लागतं. मॅगेनिनसारख्या भोकं पाडणाऱ्याला पटलावर गर्दी करावी लागते, आणि मात्रा वाढवत नेली की ते आपल्या पेशींच्या पटलांनाही ओरखडे काढू लागतं. नेमक्या एका जागी बसणाऱ्याचं भागतं थोडक्यात.

मग पोटात ते पचून जातं त्याचं काय? जातंच. पोटातले पाचकरस अन्नातलं प्रथिन आणि औषधातलं पेप्टाइड असा भेदभाव करत नाहीत. साखळीचं कडं करणं किंवा उलट्या ठेवणीची अमिनो आम्लं वापरणं असे उपाय आहेत, पण मला त्याहून सोपा प्रश्न विचारावासा वाटतो: सगळी औषधं पोटातूनच का जावीत? बहुतेक संसर्ग नाक, तोंड, फुप्फुसं, जखमा अशा उघड्या जागांवरून आत येतात, तर पहारा तिथेच का नको? १९९९ मध्ये लंडनमधल्या एका गटाने दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सच्या चिकटणाऱ्या प्रथिनाचा २० अमिनो आम्लांचा तुकडा बनवला. स्वयंसेवकांच्या तोंडातले ते जिवाणू आधी साफ केले आणि मग दातांवर तो तुकडा लावला. ज्यांना तो लावला, त्यांच्या दातांवर ते जिवाणू पुन्हा बसले नाहीत. प्रयोग छोटा होता, पण कल्पना स्वच्छ होती. २०२१ मध्ये करोनाविषाणूच्या काट्यातल्या एका भागाची नक्कल करून, तिला कोलेस्टेरॉल जोडून, फेरेट या प्राण्यांच्या नाकात ती थेंबांनी घातली आणि त्यांना बाधित फेरेटांबरोबर २४ तास एका पिंजऱ्यात ठेवलं. औषध न घेतलेले सगळे बाधित झाले, घेतलेला एकही झाला नाही. महासाथ ऐन भरात असताना आलेला हा निकाल. त्यानंतर काय झालं? तसा नाकाचा फवारा आजही बाजारात नाही. लशी आल्या, लोकांचं लक्ष उडालं, आणि निरोगी माणसांवर प्रतिबंधक चाचणी घेण्याचा खर्च कुणी अंगावर घ्यायचा, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

इथे एक जाणकार आक्षेप येतो: अडवायचंच असेल तर अँटिबॉडी हे काम कितीतरी बरं करतात. खरंय. तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांना ग्रासणाऱ्या आरएसव्ही विषाणूविरुद्धची निर्सेव्हिमॅब ही अँटिबॉडी बाळाला एकदा टोचली की अख्खा हंगाम निभावतो. पेप्टाइडाला असं टिकणं स्वप्नात जमणार नाही. अशी अँटिबॉडी जिथे आहे तिथे तीच वापरावी. पण अँटिबॉडी पेप्टाइडाच्या तीसचाळीस पट मोठी असते, जिवंत पेशींकडून बनवून घ्यावी लागते, आणि विषाणूचा काटा बदलला की निकामी होऊ शकते, हे करोनाच्या प्रत्येक नव्या अवताराने दाखवलं. एनफ्युव्हर्टाइडसारखी पेप्टाइडं धरतात तो भाग प्रथिन उलगडल्यावर काही क्षणच उघडा पडतो. त्या फटीत अवजड रेणू सहज शिरत नाही, आणि तो भाग विषाणूला फारसा बदलताही येत नाही, कारण बदलला तर त्याचं स्वतःचंच दुमडणं बिघडतं.

फारसा बदलता येत नाही, म्हणालो. अजिबात नाही, असं म्हटलेलं नाही. प्रतिरोधाच्या, म्हणजे जंतू औषधाला सरावण्याच्या, मुद्द्यावर माझ्या बाजूचे लोक सर्रास थापा मारतात, म्हणून इथे जरा थांबायला हवं. ‘जंतूला मारतच नाही, तर त्याच्यावर उत्क्रांतीतल्या निवडीचा दाब कसला? प्रतिरोध येणारच नाही’ हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचायला मिळतं, की ते खरंच वाटू लागतं. विषाणूच्या बाबतीत ते साफ चूक आहे. ज्या विषाणूला पेशीत शिरता येत नाही त्याचा वंश खुंटतो. निवडीच्या हिशेबात तो मेलेलाच. एनफ्युव्हर्टाइड एकटं दिलं, तर काही आठवड्यांतच जीपी-४१ मध्ये बदल झालेले विषाणू डोकं वर काढतात. जिवाणूंच्या बाबतीत गणित गुंतागुंतीचं आहे. चिकटण्याचा फायदा त्या त्या जिवाणूला मिळतो, तेव्हा चिकटणं अडवलं तर दाब येणार. सगळ्या वसाहतीच्या कामी येणारं विष निकामी केलं, तर त्यावर तोड काढणाऱ्या एकट्या जिवाणूच्या पदरात फार काही पडत नाही, तिथे दाब कमी. म्हणजे ‘अडवणारी’ ही एक जात नाही. काय अडवता, त्यावर सगळं अवलंबून.

याच मुद्द्यावर एक सुंदर वाद होऊन गेला आहे, आणि आजच्या वादकांनी तो वाचायला हवा. झॅसलॉफ यांनी म्हटलं होतं, की लाखो वर्षं प्राणी ही पेप्टाइडं वापरत आहेत तरी जिवाणू त्यांना सरावलेले नाहीत, तेव्हा प्रतिरोधाची शक्यता फारच कमी. उत्क्रांतीचे अभ्यासक ग्रॅहम बेल यांना हे पटलं नाही. मग दोघांनी वर्तमानपत्रांतून एकमेकांवर तोंडसुख घेतलं असतं, तर ते आजच्या रीतीला धरून झालं असतं. त्यांनी एकत्र प्रयोग केला. जिवाणूंचे २४ वंश घेतले आणि त्यांना पेक्सिगॅननच्या वाढत्या मात्रेत ६००-७०० पिढ्या वाढवलं. २२ वंशांत प्रतिरोध आला. २००६ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला, त्यावर झॅसलॉफ यांचंही नाव होतं. पुढे २०१२ मध्ये तर असं दिसलं, की पेक्सिगॅननला सरावलेला स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू माणसाच्या पांढऱ्या पेशींतल्या डिफेन्सिनलाही कमी जुमानतो. म्हणजे औषध देता देता शत्रूला आपल्याच किल्ल्याची भिंत चढायला शिकवण्याचा धोका. हा धोका शरीराच्या शस्त्रांची नक्कल करणाऱ्या, भोकं पाडणाऱ्या पेप्टाइडांना आहे. विषाणूच्याच अंगाचा तुकडा घेऊन बनलेल्या बुलेव्हर्टाइडसारख्यांना तो तसा नाही, कारण त्यांचं आपल्या डिफेन्सिनांशी काही साम्यच नाही. मारणाऱ्यांपेक्षा अडवणाऱ्यांच्या मागे लागा, असं मी म्हणतो, त्याला खर्चाइतकंच हेही कारण आहे.

शोधण्याच्या पद्धतीतही हीच गल्लत शिरली आहे. जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये सुचवलेल्या आणि २०१८ चं नोबेल मिळवून देणाऱ्या फेज डिस्प्ले पद्धतीत जिवाणूभक्षी विषाणूंच्या, म्हणजे फेजच्या, अंगावर अब्जावधी वेगवेगळी पेप्टाइडं उगवून घेतात. हा सगळा जमाव लक्ष्य-प्रथिनावर ओततात, न चिकटलेले धुऊन टाकतात, चिकटलेले वाढवतात आणि पुन्हा ओततात. तीनचार फेऱ्यांत घट्ट चिकटणारे उरतात. ऐकायला फार छान. पण हे काम केलेल्या कुणालाही विचारा: शेवटी हाती लागलेलं पेप्टाइड कितीदा तरी लक्ष्याला नाही, तर खालच्या प्लास्टिकलाच चिकटणारं निघतं. आणि लक्ष्याला चिकटलं तरी काय? प्रथिनाच्या पाठीला चिकटलेलं पेप्टाइड त्याचं तोंड कसं बंद करणार? म्हणून प्लेटवरच्या सुट्या प्रथिनाऐवजी, जिथे अडवायचं आहे त्या जिवंत जागेवरच निवड केली, तर काय घडतं ते मलेरियाच्या कामात दिसलं. मार्सेलो जेकब्स-लोरेना यांच्या गटाने फेजचा असाच जमाव डासांत सोडला आणि १२ अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड निवडलं. ते डासाच्या आतड्याला आणि लाळग्रंथींना चिकटतं, मलेरियाच्या परजीवीला नेमक्या ज्या दोन ठिकाणांतून पार व्हायचं असतं तिथे. परजीवी जिवंतच राहतो, फक्त त्याला पलीकडे जाता येत नाही. २००२ मध्ये हे पेप्टाइड स्वतःच बनवणारे डास तयार झाले आणि उंदरांमध्ये मलेरिया पसरवण्याची त्यांची क्षमता खूप घटली. परजीवी मेला का, एवढंच विचारत बसलं असतं, तर हे पेप्टाइड कुणाच्या नजरेलाही पडलं नसतं.

‘अडवणाऱ्या औषधाचं यश मोजायचं कसं? न झालेला आजार कुणाला दिसतो?’ हा प्रश्न अवघड आहे, पण नवा नाही. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये घटसर्पावर, त्या आजाराला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवाची वाट दाखवली. तो रक्तद्रव घटसर्पाच्या जिवाणूला हातही लावत नाही, फक्त त्याचं विष निकामी करतो. म्हणजे संसर्गजन्य रोगांवरचं पहिलं मोठं आधुनिक औषध हे अडवणारं होतं, मारणारं नव्हे; १९०१ चं वैद्यकातलं पहिलं नोबेल त्यालाच मिळालं. सुरुवातीला त्याचा भरवसा नव्हता, एक बाटली गुणकारी तर दुसरी पाण्यासारखी. नळीत जिवाणू मारून तर ते तपासता येणारच नव्हतं. १८९७ मध्ये पाउल एर्लिख यांनी त्यासाठी वेगळं एकक ठरवलं: ठरावीक मात्रेच्या विषापासून गिनीपिगला किती रक्तद्रव वाचवतो, त्यावर मोजमाप. औषध ज्या कामाचं, मोजमाप त्याच कामाचं. पुढे याच एर्लिख यांनी १९१० मध्ये उपदंशावरचं साल्व्हरसान आणलं, नेमक्या जंतूवर जाऊन बसणाऱ्या जादूच्या गोळीची कल्पना रुजवली, आणि शंभर वर्षं आपण सगळे त्या गोळीच्या मागे धावत सुटलो. त्यांचं आधीचं काम तेवढं विसरून गेलो.

पैशाचा प्रश्न उरतो, आणि तो बाजारावर सोडून सुटणार नाही. प्लाझोमायसिन हे चांगलं काम करणारं, मारणारं प्रतिजैविक जून २०१८ मध्ये मंजूर झालं आणि ते बनवणाऱ्या अकाओजेन कंपनीने एप्रिल २०१९ मध्ये दिवाळं काढलं. प्रतिजैविक जपून वापरायचं असतं, आणि जपून वापरलेल्या मालावर कंपनी जगत नाही. ब्रिटनने २०२२ मध्ये दोन प्रतिजैविकांसाठी, कितीही कमी वापर झाला तरी, प्रत्येकी वर्षाला १ कोटी पौंडांपर्यंत ठरीव रक्कम देण्याचा करार केला. अडवणाऱ्या पेप्टाइडांसाठी असा करार तर हवाच, पण त्याआधी चाचणीचा खर्चही सार्वजनिक पैशातून व्हायला हवा, कारण प्रतिबंधाच्या चाचणीला माणसं भरपूर लागतात आणि निकाल उशिरा येतो. निदान जिथे तो लवकर येतो तिथून सुरुवात करता येईल. घरात एकाला फ्लू झाला, की बाकीच्यांना तो व्हायचा असेल तर काही दिवसांतच होतो. नाकात घालायच्या पेप्टाइडाची परीक्षा अशा घरांमध्ये घेतली, तर वर्षानुवर्षं थांबावं लागणार नाही. लाखो संभाव्य पेप्टाइडांची पुढची यादी तयार करण्याचे पैसे मी आधी इथे घालीन. चाचणी फसली तरी पेप्टाइड नाकात टिकलं नाही, की टिकलं पण अडवू शकलं नाही, की ते पोचेपर्यंत विषाणू आत गेलेला होता, हे वेगवेगळं कळेल, आणि पुढच्या साखळीत नेमकी कोणती कडी बदलायची ते ठरवता येईल.